मागची बाजू

पुढच्या बाजूला सिंह, मुकुट,
आणि दोनच शब्द, शौर्यासाठी म्हणून.
ते साच्यातूनच येतात.
माझं काम मागे,
मधल्या वर्तुळात, जे कोरं सोडलेलं असतं
एका तारखेसाठी.

सोनं नाही, चांदी नाही.
मोडीत निघालेल्या तोफेचं ब्राँझ,
किटलीच्या बुडासारखं काळपट.
नवा पोऱ्या तळहातावर तोलून म्हणाला,
एवढंच?
मी त्याला फरशी झाडायला लावली.

आजच्या चिठ्ठीवर नाव आहे नरजंग पुन, रायफलमन.
कसं म्हणायचं, कारकुनाला विचारलं.
त्यालाही ठाऊक नव्हतं.
अक्षरं मोजून पट्टीवर नीट बसवली.
गाव बसत नाही पट्टीवर.
काय केलं त्याने, तेही नाही.
कारकून म्हणतो, कोरड्या ओढ्यातून
चार वेळा माणसं पाठीवर आणली.
पाचव्यांदा गेला.
घेणाऱ्याच्या रकान्यात : आई.

मग तारीख. अकरा फेब्रुवारी.
इथे हात अडला.
तो दिवस मला आठवतो.
क्लार्कनवेलमध्ये नळ गोठून फुटला होता,
मी दुपारभर चिंध्या गुंडाळत बसलो.
रात्री विनिफ्रेडशी भांडलो
अर्ध्या बादली कोळशावरून,
दार आपटून बाहेर पडलो
आणि वीस मिनिटांत परत आलो,
थंडी होती म्हणून.

तो दिवस सगळ्यांनाच मिळाला होता.

त्या बाईलाही.
गवत कापलं असेल, म्हशीला पाणी दाखवलं असेल,
डोंगरात पाऊल घसरलं असेल आणि
स्वतःशीच हसली असेल.
त्यांचं पंचांग वेगळं, म्हणे.
तिच्याकडे अकरा फेब्रुवारी नाहीच,
माघातला कुठला तरी दिवस आहे.
मी कोरतोय ते तिला वाचता येणार नाही.
ती उलटून बघेल. अंगठा फिरवेल.

म्हणून कोरणी नियमापेक्षा
केसभर खोल नेली.
हे धातू ठिसूळ, नखरेल;
एकचा दांडा जरा फाटला.
साहेबांनी भिंगातून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि डबी बंद केली.

येताना कोळसा घेतला.
विनिफ्रेडने विचारलं, बोटांना कसला वास?
ब्राँझचा, म्हटलं.
साबणाने जात नाही.