सह-कर्जदार

एकोणीस वर्षं मी बर्डीच्या शाखेत
दुसऱ्यांच्या मुलांची विमानं मंजूर केली.
आता शलाकाची फाइल.
नियमाप्रमाणे ती माझ्या टेबलावर नको,
म्हणून खोब्रागड्यांच्या टेबलावर आहे,
चार फुटांवर. कूलरच्या वाऱ्यानं
पहिलं पान उघडतं, मिटतं.

चौतीस लाख. तीन वर्षं.
काल रात्री सिलिंडरच्या पावतीमागे मांडून पाहिलं:
इथे हिंगण्याचं कॉलेज, मग मिहान,
अठ्ठावीस हजार, घरचा डबा, मेट्रोचा पास.
तिथलं मांडायला बसले तर
स्वेटर किती जाड लागेल, एवढंच सुचलं,
बाहेर रात्री अकराला छत्तीस डिग्री.

भोयरांचा तन्मय डब्लिनहून परत आला.
आधी त्याला समकक्षतेचा दाखला मागितला.
आता मिहानमध्येच बसतो,
शेजारच्या खुर्चीत हिंगण्याचा मुलगा, पगार तोच.
मग काय मिळालं रे, मी विचारलं.
"काकू, एकट्यानं आजारी पडता येतं आता."
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शलाका म्हणते, तू मला व्याज लावून बघतेस.
खरं आहे. दुसरं काही शिकलेच नाही मी.

"पोट्टी हुशार आहे मॅडम, जाऊ द्या ना,"
खोब्रागडे पेन पुढे करतात.
तारण: मनीषनगरचा फ्लॅट. सह-कर्जदार: मी.
खाली विचारलंय, परतफेड कधीपासून.
चष्मा पुसून पुन्हा वाचते.
मला त्यातला अर्धाच शब्द दिसतो.

जेवणाची सुट्टी होते. खोब्रागडे पेन मागतात.
थांबा, म्हणते, देते.