वरचा ठिपका

मातोझिन्युशला सव्वीस वर्षं
सार्डिनची डोकी उडवली.
आता मंगळवार-गुरुवार, पाळी सुटली की
लिंबू चोळून हात धुते, वर्गात जाऊन बसते.
तरी शेजारचा पोरगा खुर्ची जराशी सरकवतोच.

आज पडद्यावर माझाच गृहपाठ,
आमच्या कारखान्याचे दहा वर्षांचे डबे:
शहाण्यासारखे रांगेत ठिपके
आणि एक वर, एकटाच.
सर म्हणाले, नोंद चुकली असेल. काढून टाका.

कर्सर नेला. तारीख उघडली.
त्या रात्री बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं;
मासळी नासू नये म्हणून
उजाडेपर्यंत उभ्या होतो साऱ्याजणी,
ग्रासिएतला तर सातवा महिना.

हात वर केला.
सर, राहू द्या तो.

कशावरून?

होते ना मी.