शेऱ्याचा रकाना

दुसऱ्या दिवशी वस्ती संपली.
हिंगण्याकडची शेवटची वीटभट्टी मागे पडली,
मग कुंपणाची तार,
मग तारेवाचून उभे खांब,
मग तेही नाहीत.
माळ.

मुरमाड, तांबूस, पाऊल पडलं की करकरणारा.
डिसेंबरातलं वाळकं गवत गुडघ्याला,
आणि त्याची कुसळं
आत शिरायचीच वाट बघत असल्यासारखी.
पाच दिवसांच्या वाटेवरचा हा दुसरा दिवस.
नागपूर मागे कुठेतरी, धुरकट, एक रेघ.

पुढे सूर्यभान उरकुडे.
चौतीस वर्षं भूमापनात साखळी ओढलेला माणूस
किलोमीटर हा शब्द तोंडात घेत नाही.
सत्तावीस पावलांची एक साखळी.
शंभर झाल्या की तीन दगड एकावर एक,
थोडं पाणी, आणि पुढे.
मध्ये ओठ हलतात, आवाज नाही.
तेव्हा बोलायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

मीही मोजणारीच. बँकेत, रोखीच्या खिडकीत.
यंत्र आल्यापासून मोजत नाही,
यंत्र मोजतं ते बघते.

दहाच्या सुमाराला पायातूनच उठल्यासारखी
एक टिटवी उठली
आणि डोक्यावर ओरडत फिरली.
उरकुडेजी थांबले. ओठ थांबले.
“चारशे बारा का चारशे तेरा?”
मी म्हटलं, एका साखळीनं काय होतं?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
शेजाऱ्याच्या बांधात घुसलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
“तुमी बसा बाई. मी चारशेपासून येतो.”

गेले. गवतात त्यांची टोपी लहान होत गेली.

मी एका काळ्या दगडावर बसले.
भाकरी सोडली, जवसाची चटणी सोडली,
खाल्ली नाही.
वारा गवताला एका बाजूला निजवत होता
आणि गवत पुन्हा उठत होतं,
कंटाळा न करता.
एक लांब पंखांचा पक्षी
गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतका खालून गेला,
वळला, तोच पट्टा पुन्हा तपासत आला,
जणू त्याचंही काही चुकलं होतं.
मी श्वास मोजायला घेतले.
तीस-बत्तीसच्या आसपास कुठेतरी सुटले
आणि सुटले तर सुटले, असं वाटलं.
किती वेळ गेला सांगता येणार नाही.
घड्याळ होतं हातात.

ते आले तेव्हा कपाळावर घाम होता.
“चारशे चौदा,” म्हणाले.
बाराही नाही, तेराही नाही.
“ऊन चढलं ना. उन्हात साखळी लांबते
अन् पाऊल आखडते.
जातानी एक, येतानी एक, असाच असते माळ.”
आणि भाकरीकडे बघून,
“तुमी काऊन नाही खाल्ली?”

मग दोघांनी खाल्ली. त्या पक्ष्याचं नाव त्यांनी सांगितलं,
भोवत्या. दुपारभर मी ते तोंडात घोळवलं,
बोलायचं नव्हतंच तसंही.
एक नाला कोरडा, एक नाला ओला.
एक मेंढपाळ दुरून हात करून गेला.
माझ्या डाव्या टाचेला फोड आला आणि फुटला.
ऊन तिरपं झालं तशी दगडांच्या सावल्या
दगडांपेक्षा मोठ्या झाल्या.

रात्री कान्होलीला, शाळेच्या पडवीत,
ते टॉर्च दातात धरून वहीत लिहीत बसले
आणि मी मोज्यातली कुसळं उपटत.
कुसळ उलटं ओढलं तर येत नाही.
पुढे ढकलावं लागतं,
पलीकडून बाहेर काढावं लागतं.

वही उघडी ठेवून ते तांब्या घेऊन बाहेर गेले.
तारीख. दिशा. साखळ्या: अकराशे नऊ.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे विहीर, मंदिर, हद्दीचा दगड लिहायचा असतो,
बारीक अक्षरात:
टिटवी. बाई थांबल्या.

उगवतीला आभाळ थोडं पिवळट होतं.
तिकडे नागपूर असणार.
मी मोजा उलटा केला.
अजून होती.