गिरणी बंद असतानाची

कंपनीचा शिक्का ब्रह्मपुरीहून करून आणला
तर ‘चित्रपट’चं ‘चित्रपाट’ झालेलं.
परत करायचा तर दोघांचं बसभाडं, दिवस मोडतो तो वेगळाच.
योगराज म्हणाला, राहू दे.
पाट तर पाट, बसायला तरी कामी येईल.
तेव्हापासून आम्ही चित्रपाट निर्मिती,
सिंदेवाहीच्या सात किलोमीटर अलीकडे,
लांजेवारांच्या राइस मिलच्या वर,
जिना कोंड्याच्या ढिगाकडून.

माझं झेरॉक्सचं मशीन विकून कॅमेरा आला, जुना,
नागपूरच्या एका लग्नवाल्याकडून.
त्याच्या कार्डात अजून एक नवरी होती
बिदाईत रडणारी, कोणाची कोण.
पुसवेना. आठवडाभर तशीच ठेवली.
मग जागा लागली.

योगराज नाटकांना माइक पुरवायचा.
दिवाळी ते होळी, रात्र-रात्र,
खलनायकाचं हसू आणि नायिकेचे हुंदके
त्यानेच मोठे करून सोडलेले.
हळू आवाज ऐकायला त्याला शिकवण्यात माझं वर्ष गेलं.
मला हिशेब शिकवण्यात त्याचं,
ते अजून चालूच आहे.

बँकेच्या साहेबांनी फॉर्मात धंद्याचा रकाना शोधला.
कुक्कुटपालन होतं. मंडप डेकोरेशन होतं.
‘इतर’वर बोट ठेवून म्हणाले,
म्हणजे तुम्ही नेमकं विकता काय?
दीड तास, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. कर्जही दिलं नाही.

शेवंता गेडाम रोवणी आटपून यायची, पायांना चिखल तसाच.
पहिल्या दिवशी हातात सोळा बांगड्या,
तिसऱ्या दिवशी अकरा.
मी कंटिन्युइटी समजावली.
ती म्हणाली, बाई, रोवण्यात कोणाच्या बांगड्या टिकतेत?
त्या रात्री पटकथा बदलली.
आता सिनेमात बांगड्या कमी होत जातात
आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही.

पहिल्या वर्षी लोक विचारायचे,
का जी, पिक्चर कवा लागते?
दुसऱ्या वर्षी विचारायचं थांबले.
ते जास्त लागलं.

एक मिनिट शांतता पाहिजे होती.
कुठल्याही जागेची स्वतःची असते तशी,
संवादांच्या खाली अंथरायला.
सदूभाऊ लांजेवारांच्या दारात धानाची रांग,
ट्रॅक्टर, बंड्या, पोत्यांवर झोपलेली पोरं.
गिरणी बंद? आत्ता?
मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पट्टा उतरवला.
कोंडा हवेतून खाली बसत गेला.
योगराजने हात वर केला.
रांगेत कोणी खोकलं नाही.
दूर बोडीवर एक पाणकोंबडी बोलली, पुन्हा बोलली.
हात खाली आला तेव्हा सगळेच जरा लाजल्यासारखे हसले.

तीन महोत्सवांनी नाही म्हटलं, एकाने कळवलंच नाही.
हार्ड डिस्क ओल लागू नये म्हणून
तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली.
आई माप घालताना हाताने चाचपडून म्हणायची,
आहे गं तुझा सिनेमा.

शेवटी नाटकाच्या मंडपातच लावला.
राजवाड्याचा पडदा उलटा करून त्यावर चुना मारला,
तरी उजेड पडला की खांब दिसायचे,
शेवंताच्या कुडाच्या भिंतीतून आरपार.
तिकीट चाळीस. माणसं एकशे बारा,
त्यातली शेवंताच्या माहेरची एकोणीस, फुकट.
मधेच जनरेटर गेला. कोणी उठलं नाही.
शेवंता स्वतःकडे पाहत होती, तोंडावर पदर,
आणि आपल्याच हातातल्या बांगड्या मोजत होती.

मग ती जागा आली जिथे काहीच नाही,
ओसरी, रिकामी बाज, ऊन.
अंधारातून सदूभाऊंचा आवाज, मोठ्यानेच:
हे माही गिरणी आहे. बंद असतानाची!
पुढचे दोन संवाद हशात गेले.
योगराजला मी पहिल्यांदाच
आवाज वाढवायला विसरलेला पाहिलं.

डिझेल, मंडप, चहा वजा जाता राहिले सातशे चाळीस.
वहीत लिहिले, शिक्का मारला.
शाई कमी होती,
‘पाट’ तेवढं उमटलं.
खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं,
आणि योगराज ओरडून काहीतरी सांगत होता,
दुसऱ्या सिनेमाचं असावं.
मी मान हलवली.