कित्ता

मंगळवार आणि शुक्रवार पायांचे.
सस्कॅचवानमधल्या या वृद्धाश्रमात
मी ऐंशी पाय सांभाळते. एकोणऐंशी खरं तर,
ओरेस्त होलंकोचा डावा साखरेने नेला.

कोपराने तपासलेलं कोमट पाणी,
शिंगासारखी नखं, भेगांत अडकलेले लोकरीचे धागे,
आणि खिडकीबाहेर उणे तीसमध्ये
धान्याच्या कोठारावर थिजलेला सूर्य.

पाय पाण्यात गेले की माणसं बोलू लागतात.
योहानाचा तेरावा अध्याय इथे सगळ्यांना पाठ,
ज्याचा त्याला.

अगाथा डिक म्हणते, यात अर्थ कसला लावायचा?
धुवा म्हटलंय, धुवा.
त्यांच्या मेनोनाइट देवळात बायका बायकांचे धुतात,
वर्षातून दोनदा, पत्र्याच्या टबात.
एका बरणीभर लोणच्यापायी जिच्याशी
अकरा वर्षं अबोला होता
ती जाऊच नेमकी एकदा समोर आली.
"टाचेवर तीळ होता गं तिच्या.
मला कुठे माहीत होतं."

रेव्हरंड थॉर्बर्न म्हणतात, पाय म्हणजे पाय नव्हेत.
पाणी ही खूण आहे, आणि खुणेला जो चिकटून बसला
तो वाट चुकला.
हे सांगताना ते मोजे काढत नाहीत.
मी थांबते.
पेत्रही आधी नाहीच म्हणाला होता.

ओरेस्तने लहानपणी मेणबत्ती धरून पाहिलं ते असं:
चांदीचं घंगाळ, बिशप, रांगेत बारा पाद्री,
बाराही जण घरून पाय घासून आलेले.
"आम्ही बघायचं. बघणं म्हणजेही धुणंच,"
म्हणतो, आणि उरलेला पाय पुढे करतो.

रात्रपाळीची त्सेहाय गोंदारची.
तिच्याकडे हे द्राक्षाच्या पानांनी करतात.
इथे ती पानं रेजायनाच्या दुकानात
बरणीत मिळतात, खारवलेली.
तिने तीनदा मीठ धुतलं
आणि मग पाद्र्याकडे नेली.

पर्सिस कोल क्वेकर. त्यांच्यात पाणीच नाही.
ती गप्प बसते, पाय बुडवून, डोळे मिटून.
एकदाच म्हणाली, आम्ही त्यासाठी दिवस ठेवला नाही,
कारण मग बाकीचे दिवस मोकळे झाले असते.

मला कुणी विचारत नाही.

माझी आई रोझाली, क्री.
सहाव्या वर्षी तिला शाळेत नेलं.
हीच ओळ तिने कित्त्यात पन्नासदा गिरवली,
जी भाषा अजून कळत नव्हती तिच्यात:
एकमेकांचे पाय धुवा.
अक्षर वाकडं आलं तर बोटांवर पट्टी.
एका पवित्र गुरुवारी बिशप आले.
बारा मुली निवडल्या,
आदल्या रात्री थंड पाण्याने घासून ठेवल्या,
नवे बूट दिले.
शुक्रवारी परत घेतले.
"बिशपचं पाणी कोमट होतं," एवढंच ती सांगायची.
पुढचं कधी नाही.
म्हातारपणीही तिने मला
मोजे काढू दिले नाहीत.

खोली चौदा. ब्रदर एमेरी.
त्या शाळेच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असायच्या.
आता त्याला चमचाही आठवत नाही.
पाय गोरे, मऊ,
कधी कुठे चालून न गेल्यासारखे.

त्या रात्री बारा जोड्या होत्या.
यहूदाची वगळली असं कुठेच लिहिलेलं नाही.
अगाथाला विचारलं, ती नुसती विणत राहिली.
रेव्हरंडांनी तासभर सांगितलं.
ओरेस्त म्हणाला, त्याचे बहुतेक घाईघाईने धुतले असतील.
पर्सिसने डोळे उघडले, इतकंच.

मी क्षमा केली असं कुणी समजू नये.
नखं वाढली आहेत, कापायची आहेत,
डाव्या अंगठ्याला जखम आहे.
तो मला बाळ म्हणतो, कुणालाही म्हणतो.
मी घंगाळ खाली ठेवते,
गुडघ्यावर बसते,
आणि पाणी
कोपराने एकदा तपासलेलं असूनही
पुन्हा तपासते.