शिट्टी

राखाडी वॅगन-आर, पळशाची.
मालक निवृत्ती गायखे,
सातपूरला प्रेस शॉपमध्ये एकोणतीस वर्षं.
तक्रार त्याची नव्हतीच.
"हिला कायतरी ऐकू येतं," तो म्हणाला
आणि मागच्या सीटकडे अंगठा केला,
जणू बिघाड पोरीतच आहे.

रुजुता. आठवीत.
"रेस केली की वर जाते, गिअर टाकला की खाली येते.
शिट्टी.
आवाज शून्यावर ठेवला तरी."

अर्धं काम तिनंच करून आणलं होतं.
इंजिनाबरोबर चढते म्हणजे अल्टरनेटर.
शून्यावरही येते म्हणजे टेपच्या पुढे कुठेतरी.
द्वारकेच्या दुकानदारानं मात्र स्पीकर बदलून दिले होते,
चोर सोडून संन्याशाला फाशी,
अठराशे रुपये.

मी आत बसलो. काचा वर घेतल्या.
दोन हजारावर धरलं, मग तीन.
इंजिन. पंखा. वडाळा नाक्यावरून वळणारा ट्रक.
आणि शिट्टी,
शिट्टी नाही.

गायखे बाहेर बघत होता.
त्याचं समजू शकतो,
अडीचशे टनांची प्रेस दर सहा सेकंदांना पत्रा चावते.
माझं काय?
मी तर वायरमन. माझं काम नाजूक, असं मी लोकांना सांगतो.
शेजारी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर,
दिवसाला तीस-चाळीस हॉर्न तपासायचे
तेही बॉनेटमध्ये डोकं घालून,
बावीस वर्षं.

"हां," मी म्हणालो, "येतेय."

ड्रायव्हरच्या सीटखाली अँप.
त्याच्या पिना उपटल्या आणि अंदाजानं बोललो,
"कमी झाली बघ."
"कमी नाही काका. गेलीच."

तिथून कानाला खडा.
मी तिला पुढे बसवलं.
"बोट वर कर ती चढली की. उतरली की खाली. बोलू नको."

उंबऱ्याची पट्टी काढली.
लाल पॉवर वायर आणि गाण्याची वायर
एकाच टेपनं गुंडाळलेल्या, बॅटरीपासून सीटपर्यंत.
लाल डावीकडे ठेवली, दुसरी उजवीकडून नेली.
रेस.
कपाळाशी असलेलं बोट हनुवटीशी आलं,
तिथेच राहिलं.

मग अर्थ.
अँपची काळी वायर सीटच्या बोल्टला,
बोल्टखाली कंपनीचा रंग, शाबूत, चकचकीत.
मीटरची एक पिन तिथे, एक टेपच्या बॉडीला.
इंजिन चालू:
शून्य पॉइंट दोन.
दोघंही आपापल्या जागी शून्य धरून बसलेले
आणि शून्यं वेगवेगळी.
त्या एवढ्याशा फरकातून अल्टरनेटर
आत येत होता.

पॉलिश पेपर. रंग, खालचा राखाडी प्रायमर,
मग पत्रा, नव्या नाण्यासारखा.
दातेरी वॉशर. वीतभर वायर, जास्त नाही.
वर ग्रीसचं बोट, पावसाळ्यात गंज नको.

रेस केली.
रुजुतानं बोट मांडीवर ठेवलं.
अजून रेस.
बोट तिथेच.
मीटरनंही मान्य केलं. मला मात्र
आधीसारखंच वाटत होतं सगळं.

"गेली?" गायखेनं विचारलं. मला.
"तिला विचार," मी म्हणालो, "माझा कान नाही पोचत."
हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होतो,
ते त्याला ऐकू गेलं.

साडेचारशे मोजता मोजता तो थांबला.
"कशी व्हती गं ती?"

रुजुतानं ओठ गोल केले.
खालून सुरू केली, घाटाच्या पायथ्यापासून,
हळूहळू वर.
गायखे मान हलवत होता, हां, हां,
मग त्याची मान थांबली.
मी अजून दोन पायऱ्या गेलो असेन तिच्याबरोबर.

तिचे ओठ तसेच गोल होते.
गालात हवा होती.
आम्ही दोघं उभे, हातात नोटा आणि पान्हा,
ती थांबेपर्यंत.