शून्य ते शंभर

माझ्याकडे पाच वर्षांची एक रेघ होती,
आठवडावार, शून्य ते शंभर.
नवजात बाळ, पुरळ, लाल ठिपके, साल निघणं,
लोक फोनला काय काय विचारतात
त्या विचारण्याची रेघ.
प्रतापगंजातल्या भाड्याच्या खोलीत
मी तिची तीन-तीन आठवड्यांची सरासरी काढायचे,
दुपट्यावर इस्त्री फिरवावी तशी.

मे महिन्यात ती चढायची.
समासात लिहून ठेवलं होतं: घामोळं, बहुधा.
तासांच्या तक्त्यात मात्र
रात्री दोन ते चार एक टेंगूळ यायचं,
त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.
सर म्हणाले, सोड, आपल्या शास्त्रात
याला गोंगाट म्हणतात.

आज सटवाईची रात्र.
पाटावर कोरा कागद, सासऱ्यांचं शाईचं पेन.
श्रीरंग रिफायनरीत रात्रपाळीला.
आणि ज्याला अजून नाव नाही,
दवाखान्याच्या फायलीत जो नुसता
'बेबी ऑफ मृण्मयी दिघे' आहे,
त्याच्या अंगावर लाल चट्टे,
प्रत्येकाच्या मधोमध मोहरीएवढं पिवळं टिंब.
सकाळी पोटावर सात होते, दुपारी पाच,
आता पोट स्वच्छ आणि मांडीवर नवे अकरा.
मोजायचंच तर शिकलेय मी.

हंसाबेन न्हाऊ घालताना म्हणाल्या,
अळाई छे, बेन, मटी जशे.
कमरेखालच्या निळ्या डागावर बोट ठेवून हसल्या,
लिहिणारीची दौत कलंडली इथे.
मला हसू आलं नाही.

मराठीत विचारलं. गुजरातीत विचारलं.
मग इंग्रजीत, स्पेलिंग चुकवत.
तिन्ही भाषांत एकसारखीच घाबरले.
चौथ्यांदा नुसतं 'बाळाच्या अंगावर' लिहिलं
आणि थांबले,
तर खालून कोणी कोणी माझं वाक्य पुरं करायला लागलं:
लाल ठिपके का येतात
नाकावर पांढरे दाणे
टाळूवर खपली
डाग जन्मभर राहतो का
आईने काय खाल्ल्याने

तिथे माझा अंगठा अडला.
आठव्या महिन्यात मी खाल्लेले आंबे
घरात सगळ्यांनी मोजलेत.

दोन वाजून चाळीस मिनिटं.
उजेड बाळाच्या डोळ्यांवर जाऊ नये
म्हणून फोन छातीशी उपडा धरलेला,
श्वाससुद्धा बेताने.
मकरपुऱ्यात कोणी, नंदुरबारला कोणी,
अशाच भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.
इतकी शांतता, सर,
आणि याला आपण गोंगाट म्हणालो.

मग मी एक प्रश्न अख्खा लिहिला.
तो इथे लिहीत नाही.
पाठवायच्या आत एकेक अक्षर मागे घेतलं,
शेवटी चौकटीत नुसता दांडा लुकलुकत राहिला,
कागदाशेजारच्या पेनासारखा,
कोणीतरी उचलायची वाट बघत.

फतेगंजच्या डॉक्टरबाईंनी चार सेकंद पाहिलं.
काही नाही, आठवड्यात जातील.
बेसन लावू नका, हळद लावू नका,
आणि रात्री झोपत जा.
फी तीनशे.
श्रीरंग रिक्षात म्हणाला, बघ, मी म्हणत होतो.
तो काहीच म्हणत नव्हता.

पाटावरचा कागद कोराच होता.
सासूबाईंनी घडी घालून तो डब्यात ठेवला,
लिहिलेलं दिसत नसतं म्हणाल्या.

दहा दिवसांनी, बाळ मांडीवर, ती फाइल उघडली.
त्या आठवड्यात रेघ केसभरही हलली नव्हती.
माझे चारही प्रश्न तिच्यात कुठेतरी असतील,
खोडलेला पाचवा कुठेच नाही.
असे खोडलेले किती, आणि कोणाकोणाचे,
याचा तक्ता कोणाकडून मागायचा?
टेंगळापुढचं प्रश्नचिन्ह काढलं.
सरासरी काढली नाही या वेळी.
दातेरी आहे तर दातेरी असू दे.

मांडीवर आज दोनच.
उद्यापासून मोजणार नाही, असं ठरवलंय.